आजोबांचा देश, नातवाचा कागद

माणसाला आईवडील निवडता येत नाहीत, जन्मगाव निवडता येत नाही, आणि आजोबा तर मुळीच निवडता येत नाहीत. तरीही जगातील अनेक देशांच्या कायद्यांत आज आजोबांना मोठे महत्त्व आले आहे. ते कोणत्या गावी, कोणत्या वर्षी आणि कोणाच्या राज्यात जन्मले, यावर नातवाला एखाद्या दूरच्या देशाचे नागरिकत्व मिळणार की नाही हे ठरते. गोव्यातील हजारो कुटुंबांनी या वाटेने पोर्तुगालचे नागरिकत्व घेतले आहे. त्यांच्याशी सोयरिकीने वा स्नेहाने जोडलेल्या आपल्या घरांतूनही हा विषय निघतो. कोणी त्यांना भाग्यवान म्हणतो, कोणी देशाला विसरलेले म्हणतो. दोन्ही शब्द घाईचे आहेत. हा प्रश्न थोडा शांतपणे तपासून पाहिला पाहिजे, कारण त्यात केवळ पारपत्राचा रंग बदलत नाही. वारसा म्हणजे काय आणि निष्ठा म्हणजे काय, हेही त्यात विचारले जाते.

विचाराच्या सोयीसाठी १९२५ साली जन्मलेले तीन आजोबा डोळ्यांसमोर आणू या. तिघेही मराठी मुलखातले वा त्याच्या शेजारचे. एक धावड्याचे, एक वसईचे आणि एक मडगावचे.

धावडा हे आज जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील, अजिंठ्याच्या डोंगररांगेजवळचे गाव. १९२५ साली जालना जिल्हा नव्हता. तो १९८१ मध्ये झाला. तेव्हा हा मुलूख औरंगाबाद जिल्ह्यात, आणि तो जिल्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. म्हणजे धावड्याचे आजोबा निजामाची प्रजा. बाजारात हाली शिक्क्याचा रुपया, सरकारी दप्तर उर्दूत, सरहद्दीवर करोडगिरीचे नाके. काही कोसांवरच्या बुलढाण्याचा कारभार मात्र इंग्रजांच्या हातात. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली, आणि वयाच्या तेविसाव्या वर्षी हे आजोबा भारताचे झाले.

वसईचे आजोबा इंग्रजांचे प्रजाजन म्हणून जन्मले. १९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला, २६ जानेवारी १९५० रोजी संविधान अमलात आले आणि ते भारताचे नागरिक झाले. मडगावचे आजोबा पोर्तुगालच्या सत्तेखाली जन्मले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा त्यांचे वय छत्तीस होते. भारत सरकारने १९६२ मध्ये काढलेल्या आदेशानुसार, जे स्वतः अथवा ज्यांचे आईवडील वा आजीआजोबा २० डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण वा दीव येथे जन्मले होते, ते सर्व त्या दिवसापासून भारताचे नागरिक मानले गेले. ज्यांना हे नको होते त्यांना एक महिन्याच्या आत तसे लेखी कळवायचे होते. बहुसंख्यांनी कळवले नाही. तेही भारतीय झाले.

तिघांनी तीन वेगळ्या राज्यकर्त्यांखाली बालपण काढले आणि म्हातारपणी तिघे एकाच देशाच्या मतदारयादीत आले. आता त्यांच्या नातवंडांकडे पाहा. धावड्याच्या नातवाला आजोबांच्या जुन्या राज्याकडे जाता येत नाही, कारण ते राज्यच उरले नाही. वसईच्या नातवाला ब्रिटनकडे काही मागता येत नाही. भारतीय झालेल्या जुन्या प्रजेला आरंभी ब्रिटनचे दार उघडे होते, परंतु १९६२ च्या कायद्याने राष्ट्रकुलातील नागरिकांच्या मुक्त प्रवेशाला तेथे आळा बसला. मडगावच्या नातवाचे मात्र वेगळे आहे. पोर्तुगालने गोव्याचे विलीनीकरण तेरा वर्षे मान्यच केले नाही. एप्रिल १९७४ मध्ये तेथील हुकूमशाही कोसळली, आणि ३१ डिसेंबर १९७४ रोजी दिल्लीत झालेल्या कराराने पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व स्वीकारले. तरीही मुक्तीपूर्वी तेथे जन्मलेल्यांचा नागरिकत्वाचा हक्क पोर्तुगालच्या कायद्यात जिवंत राहिला. १९८१ च्या कायद्यानुसार, पोर्तुगीज आईबापांचे मूल परदेशी जन्मले तरी त्याच्या जन्माची नोंद पोर्तुगालच्या दप्तरात झाली की ते जन्मतः पोर्तुगीज ठरते. आधी आजोबांची नोंद, मग वडिलांची, मग नातवाची, अशी ही साखळी आहे.

वसईकरांनी येथे क्षणभर थांबावे. वसईवर पोर्तुगिजांनी १५३४ पासून दोनशेहून अधिक वर्षे राज्य केले. आपल्या पूर्वजांचा स्नानसंस्कार त्या काळात झाला, आपली आडनावे त्या काळातील आहेत. पण मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, आणि आज रॉड्रिग्ज वा डिसोजा या नावाला लिस्बनच्या दप्तरात काही किंमत नाही. उलट गोव्यातील ज्या हिंदू कुटुंबाने स्नानसंस्कार कधी घेतला नाही, त्याला तो हक्क आहे आणि अनेक हिंदूंनी तो घेतलाही आहे. हा कायदा धर्म पाहत नाही, आडनाव पाहत नाही, पोर्तुगीज भाषा येते की नाही हेही पाहत नाही. तो जन्माचे गाव आणि तारीख पाहतो. म्हणून पहिली गोष्ट मान्य केली पाहिजे ती ही, की असा हक्क हा कोणाचा पराक्रम नव्हे आणि कोणाचे पापही नव्हे. तो इतिहासाच्या तारखांचा योगायोग आहे. ज्याला तो मिळाला त्याने मिरवू नये, ज्याला मिळाला नाही त्याने दुसऱ्याला हिणवू नये.

आता लोक बोलताना ‘दुहेरी नागरिकत्व’ असा शब्द सर्रास वापरतात. तो आपल्या देशापुरता चुकीचा आहे. पोर्तुगालला दुहेरी नागरिकत्व चालते. भारताला चालत नाही. संविधानाच्या नवव्या अनुच्छेदात आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमात हे स्पष्ट आहे की, जो स्वेच्छेने परदेशाचे नागरिकत्व घेतो त्याचे भारतीय नागरिकत्व संपते. त्याने भारतीय पारपत्र परत करायचे असते. नंतर त्याला परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून कार्ड मिळू शकते; परंतु नावात नागरिक असले तरी ते नागरिकत्व नव्हे. त्या कार्डावर येणेजाणे होते, राहणे होते. मतदान करता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. याच कार्डाची दुसरी बाजू २०१७ मध्ये दिसली. पोर्तुगालचे तेव्हाचे पंतप्रधान आंतोनियो कोस्ता यांचे वडील, लेखक ओर्लांदो द कोस्ता, मडगावच्या घराण्यातले. त्या नात्याने आपल्या पंतप्रधानांनी लिस्बनमध्ये कोस्ता यांना हे कार्ड दिले. म्हणजे रक्ताचे नाते भारतही मानतो; फक्त तो स्नेह देतो, मत देत नाही.

मग लोक हे का करतात? गोव्यात सांगितली जाणारी कारणे ऐकली तर त्यांत पोर्तुगालविषयीचे प्रेम क्वचितच आढळते. पुष्कळांना त्या देशाची भाषा येत नाही, आणि कित्येक जण तेथे राहायला जातही नाहीत. पोर्तुगाल १९८६ साली युरोपीय समुदायात सामील झाला. त्यामुळे त्याच्या नागरिकाला युरोपातील दुसऱ्या देशांत राहण्याचा व काम करण्याचा हक्क मिळू लागला. गोव्याच्या तरुणांनी तो उपयोगात आणून इंग्लंड गाठले, कारण इंग्रजी त्यांना येत होती. लंडनचे साउथॉल आणि हाउन्स्लो, त्याहूनही स्विंडन हे शहर, गोव्याच्या घराघरांत परिचयाचे झाले. गोदामांत, कारखान्यांत, विमानतळावर, वृद्धांच्या शुश्रूषेत ही मुले राबू लागली. पुढे ब्रिटनमध्ये जून २०१६ मध्ये कौल झाला आणि ३१ जानेवारी २०२० रोजी तो देश युरोपीय संघातून बाहेर पडला. संक्रमणाचा काळ त्याच वर्षाच्या अखेरीस संपला. आधीपासून तेथे राहणाऱ्यांना अर्ज करून राहता आले; नव्याने जाणाऱ्यांना ती वाट बंद झाली. ज्या कागदावर दोन पिढ्यांचे मनोरे रचले होते, त्याचा अर्थ तिसऱ्याच देशाच्या मतपेटीने बदलला. परक्याच्या कायद्यावर बांधलेल्या घराचा पाया किती आपला, याचा हा धडा आहे.

परंतु पोटासाठी हे केले म्हणून नाक मुरडणे बरे नव्हे. पोटासाठी नाव आणि ओळख बदलण्याची उदाहरणे आपल्या समाजातही आहेत. मुंबई व साष्टी भागातील मराठी बोलणाऱ्या कॅथॉलिकांना एके काळी ‘पोर्तुगीज ख्रिश्चन’ म्हणत. गोव्याहून येणारे, पोर्तुगालचे प्रजाजन असलेले ख्रिस्ती लोकही त्याच नावाने ओळखले जात. इंग्रजी राज्यातील नोकऱ्यांत आपली गणना परकीयांत होऊ नये म्हणून येथील लोकांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. तेव्हा पोर्तुगीज हे नाव टाकण्यात भाकरी होती. आज पोर्तुगीज हे नाव मिळवण्यात भाकरी आहे. माणसे तीच, गरज तीच. परमगुरुस्वामी लिओ तेरावे यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या पत्रात सांगितले होते की, आपल्याच देशात माणसासारखे जगण्याची साधने मिळाली तर कोणी देश सोडून परक्या मुलखात जाणार नाही. परमगुरुस्वामी तेविसावे योहान यांनी १९६३ मध्ये ‘पाचेम इन तेर्रिस’ या पत्रात रास्त कारणासाठी स्थलांतर करण्याचा माणसाचा हक्क मान्य केला. आणि बेनेडिक्ट सोळावे यांनी २०१३ च्या स्थलांतरित दिनाच्या संदेशात त्याला जोड दिली की, जाण्याच्या हक्काआधी न जाण्याचा, आपल्या भूमीत राहण्याचा हक्क पुन्हा ठासून सांगितला पाहिजे. तिन्ही वचने एकत्र वाचली तर बोट केवळ जाणाऱ्याकडे वळत नाही. गोव्याचा शिकलेला मुलगा स्विंडनच्या गोदामात रात्रपाळी करतो, आणि जालना-बीडकडची कुटुंबे दर वर्षी दिवाळीच्या सुमारास पोराबाळांसह ऊसतोडीला निघतात. दोघांनाही घरी राहायला आवडले असते. एकाला कागद आहे, दुसऱ्याला कोयता आहे, एवढाच फरक.

येथवर आपण जाणाऱ्याची बाजू घेतली. आता त्याला काही विचारलेही पाहिजे.

आपल्याकडे वारशाविषयी एक जुना, सरळ न्याय आहे. वडिलांची जमीन घ्यायची असेल तर वडिलांचे देणेही फेडले पाहिजे. शेत माझे आणि कर्ज भावाचे, असे म्हणणाऱ्याला गाव चांगले म्हणत नाही. नागरिकत्व हा वारसा असेल तर त्यालाही हाच न्याय लावला पाहिजे. आजोबांच्या जन्मनोंदीबरोबर त्यांच्या आयुष्याचा इतिहासही येतो. ज्या पोर्तुगालच्या दप्तरात त्यांचे नाव आहे, त्याच पोर्तुगालने १९३० च्या वसाहत कायद्याने गोवेकरांना दुय्यम ठरवले होते, आणि त्याच वर्षी लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी कायदेमंडळात गोव्याच्या स्वयंनिर्णयाचा ठराव मांडला होता. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. जुलियांव मिनेझिस यांनी सभाबंदी मोडली, ती सालाझारच्या सत्तेविरुद्ध. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना त्या लढ्यासाठी पोर्तुगालच्या पेनिश किल्ल्यात बंदिवास भोगावा लागला. आजोबांच्या पिढीने ज्या हक्कांसाठी हे सोसले, ते हक्क आज लोकशाही झालेला पोर्तुगाल नातवाला अर्जावर देतो. नातवाने ते घ्यावेत. पण ते सोसणे विसरून घेऊ नयेत. ज्याला आपल्या आजोबांच्या जन्माची तारीख पाठ आहे आणि १८ जून माहीत नाही, त्याने वारशाचा अर्धाच भाग उचलला.

देण्याची दुसरी बाजू नव्या देशाकडे आहे. पोर्तुगालचे लोक कर भरतात, आपल्या म्हाताऱ्यांची काळजी वाहतात, आपल्या लोकशाहीत मत देतात. त्यांच्या घरात आपण नागरिक म्हणून शिरणार असू तर त्यांची भाषा थोडी तरी शिकावी, त्यांच्या सुखदुःखाची ओळख करून घ्यावी, हे कायदा सांगत नसला तरी सभ्यता सांगते. एखाद्या घराचा दरवाजा केवळ मागच्या गल्लीत जाण्यासाठी वापरणारा पाहुणा त्या घरच्यांना कसा वाटेल?

येथे बेने इस्राएल लोकांची आठवण होते. कोकणातील या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजापुढेही पूर्वजांच्या नात्याने एक दार उघडले. इस्राएलने १९५० मध्ये परतीचा कायदा केला आणि अलिबाग-रायगडकडची ही कुटुंबे मोठ्या संख्येने तिकडे गेली. भारताचे नागरिकत्व त्यांना सोडावे लागले. तेथे त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली गेली. लग्नांना आडकाठी झाली. त्यांनी झगडून १९६४ मध्ये आपला समान दर्जा मान्य करून घेतला. तरी मराठी त्यांनी टाकली नाही. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही तेथे चालवले. त्यांनी दोन्ही घरांचे देणे मानले. एका देशाशी कायद्याने बांधून घेतले, दुसऱ्याशी भाषेने जोडलेले राहिले, आणि कोणाहीपासून काही लपवले नाही.

लपवणे, हाच माझ्या मते या सगळ्या प्रश्नाचा दुखरा भाग आहे. परदेशाचे नागरिकत्व उघडपणे घेऊन भारताचे पारपत्र परत करणारा माणूस कोणालाही फसवत नाही. त्याने एक घर सोडले, दुसरे धरले. पण लिस्बनच्या दप्तरात नोंद करून ठेवायची, आणि इकडे मतदारयादीत नाव, शिधापत्रिका, पंचायतीतील जागा तशीच सांभाळायची, असे काही ठिकाणी घडते. गोव्यात उमेदवारांच्या नागरिकत्वावरून वाद झाले आणि प्रकरणे न्यायालयांपर्यंत गेली. केवळ जन्मनोंद केल्याने भारतीय नागरिकत्व जाते की नाही, यावर वकील वाद घालतील. त्यांना घालू द्या. आपल्यासारख्या साध्या माणसाला एक कसोटी पुरेशी आहे. जी गोष्ट मी एका देशाच्या अधिकाऱ्याला अभिमानाने सांगतो, तीच दुसऱ्या देशाच्या अधिकाऱ्यापुढे झाकतो का? झाकत असेन तर कायदा काहीही म्हणो, माझ्या मनाने निकाल दिलेला आहे. हे ‘असू द्यावे, उद्या कामी येईल’ म्हणून करून ठेवलेले नागरिकत्व सर्वांत दुबळे. त्यात ना या मातीवर विश्वास, ना त्या मातीशी नाते.

मुलांचा प्रश्नही यात येतो. आईबाप आपल्या अजाण लेकराची नोंद परदेशी करतात, तेव्हा त्याच्या वतीने ते एक देश निवडत असतात. भारतीय कायद्यात याची थोडी जाण आहे. आईबापांनी नागरिकत्वाचा त्याग केला तर अज्ञान मुलाचेही नागरिकत्व जाते. परंतु सज्ञान झाल्यावर एक वर्षाच्या आत त्याला ते पुन्हा मागता येते. कायदा मुलाला विचारण्याची जागा ठेवतो. आईबापांनीही ती ठेवावी. मूल मोठे झाल्यावर ‘तुझ्या भल्यासाठी केले’ एवढे सांगून भागणार नाही. काय सोडले, हेही त्याला सांगावे लागेल.

आपल्या श्रद्धेच्या इतिहासातही जन्माने मिळालेल्या नागरिकत्वाचे एक ठळक उदाहरण आहे. संत पौल तार्ससचा यहुदी, आणि जन्मतः रोमचा नागरिक. यरुशलेमात त्याला फटके मारण्यासाठी बांधले गेले, तेव्हा त्याने शांतपणे विचारले की, रोमी नागरिकाला न्यायनिवाड्याशिवाय फटके मारणे कायद्याला धरून आहे काय. सरदार घाबरला. मोठी रक्कम मोजून आपण हे नागरिकत्व मिळवले, असे त्याने सांगितले. पौलाने उत्तर दिले की, आपण ते जन्मतःच घेऊन आलो. पौलाने आपला हक्क वापरला, त्यात त्याला संकोच वाटला नाही. पण पुढे काय घडले ते पाहावे. त्याने कैसराकडे दाद मागितली आणि राजा अग्रिप्पाने म्हटले की, दाद मागितली नसती तर हा माणूस सुटला असता. पौलाच्या नागरिकत्वाने त्याला संकटातून बाहेर काढले नाही, उलट बेड्यांसह रोमला नेले. कारण त्याला रोममध्ये आपले म्हणणे मांडायचे होते. फिलिप्पीतही त्याने आपले नागरिकत्व सांगितले ते फटके खाऊन, तुरुंगात रात्र काढून झाल्यावर. अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन सन्मानाने बाहेर न्यावे, म्हणजे मागे राहणाऱ्या लहानशा मंडळीला कोणी तुच्छ मानणार नाही, हाच त्यात हेतू दिसतो. हक्क स्वतःसाठी राखून न ठेवता कामाला लावायचा असतो, हे यातून दिसते. कागद हातात आल्यावर तो कशासाठी आणि कोणासाठी वापरला, हा प्रश्न पौलाने आपल्यापुढे ठेवला आहे.

हा प्रश्न केवळ गोवेकरांचा आहे, असे धावड्यासारख्या गावात बसून कोणी म्हणू शकणार नाही. जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथून २०२३ मध्ये मराठा आरक्षणाचे आंदोलन पेटले, आणि निजामकाळातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे प्रमाणपत्रांची वाट करून देणारा शासननिर्णय निघाला. त्या मागणीच्या योग्यायोग्यतेत शिरण्याचा येथे हेतू नाही. पण दृश्य तेच आहे. मराठवाड्याच्या गावोगाव घराघरांतून जुने दप्तर उलगडले गेले. खासरा पत्रक, शाळेचा दाखला, जन्ममृत्यूची नोंद धुंडाळली गेली. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना मागणी आली. मडगावचा नातू आजोबांची जन्मनोंद किंवा चर्चच्या स्नानसंस्काराच्या वहीतील ओळ शोधतो. मराठवाड्यातला नातू निजामाच्या दप्तरातील एक शब्द शोधतो. एकाला सीमा ओलांडायची आहे, दुसऱ्याला महाविद्यालयाची आणि नोकरीची पायरी. दोघांचीही आशा मेलेल्या माणसाच्या नावावर आहे. ज्या राज्याचे आजोबा प्रजाजन होते ते राज्य गेले; त्याचे दप्तर मात्र नातवाचे दैव ठरवीत राहिले.

आणि याच ठिकाणी मन अस्वस्थ होते. ज्यांच्या आजोबांची नोंद कोणी कधी केलीच नाही, त्यांचे काय? पालावर जन्मलेला, पालावर मेलेला भटका माणूस. दुसऱ्याच्या शेतात राबलेली, सातबाऱ्यावर कधी न आलेली आजी. साथीच्या रोगात गेलेले, कोणत्याही वहीत न उरलेले पूर्वज. त्यांच्या नातवंडांना ना पोर्तुगाल बोलावतो, ना कोणते गॅझेटियर ओळखते. नोंद हे गुणाचे लक्षण नव्हे. पुष्कळदा ती फक्त एवढेच सांगते की, त्या घराकडे त्या काळी जमीन होती, शाळा होती, जवळ चर्च वा चावडी होती. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाने अब्राहामाच्या वंशाचा अभिमान मिरवणाऱ्यांना बजावले होते की, देव या धोंड्यांतूनही अब्राहामासाठी मुले उभी करू शकतो. वंशाच्या कागदावर विसंबणाऱ्या प्रत्येकाने ते ध्यानात ठेवावे.

म्हणून जी कुटुंबे या निर्णयाच्या उंबरठ्यावर आहेत, त्यांनी जाऊ नये असे सांगण्याचा अधिकार मला नाही. घरच्या माणसांनी रोझरीनंतर एकत्र बसून काही गोष्टी मात्र जरूर बोलाव्यात. आपण हे कोणत्या गरजेसाठी करीत आहोत. ती गरज खरी आहे, की शेजारच्या घराचे पाहून उपजली आहे? म्हाताऱ्या आईवडिलांपाशी कोण राहणार, आणि राहणाऱ्या भावंडाच्या वाट्याला एकटेपण आणि जबाबदारी किती येणार? इथला हक्क आपण उघडपणे सोडणार आहोत ना? तिथल्या लोकांना आपण शेजारी म्हणून काय देणार आहोत? आणि ज्यांना असा कागद कधीच मिळणार नाही, त्यांच्यासाठी या मिळकतीतून काही बाजूला निघणार आहे काय? एखाद्या गरीब मुलाची फी, गावच्या वाचनालयाला चार पुस्तके, ऊसतोडीला गेलेल्यांच्या लेकरांसाठी वसतिगृहात एक जागा. रक्कम लहान असो. तीमुळे वारशाचे ऋण मान्य होते.

आजोबांनी आपल्यासाठी नागरिकत्व ठेवले नव्हते. ते त्यांना न विचारता त्यांच्यावर आले, न विचारता बदलले. त्यांनी ठेवले असेल तर खाल्ल्या मिठाला जागण्याचे वळण, आणि दिलेला शब्द पाळण्याची सवय. लिस्बनला जा, लंडनला जा, वा धावड्याच्या माळावर राहा, या वारशासाठी कोणत्याही कचेरीत अर्ज करावा लागत नाही. आणि तो सोडून दिला तर कोणतीही कचेरी तो परत मिळवून देत नाही.